शस्त्रागारांतील सर्द

मृगाचा पाऊस लागला, म्हणजे घराघरांतून एक नित्याचा अनुभव येतो. मिठाच्या बरणींत पाणी सुटतें, काड्यापेटीवर काडी ओढतां ओढतां तिचा गुल झडून जातो, आणि विळीच्या पात्यावर एका रात्रींत तांबूस डाग उमटतात. गृहिणी विळी पुसून तिच्यावरून तेलाचा हात फिरविते, मीठ चुलीच्या उबेला ठेवते आणि चार महिने निभावून नेते. हेंच संकट, याच चार महिन्यांत, एखाद्या किल्ल्याच्या दारूकोठारावर किंवा सैन्याच्या भांडारावर येतें, तेव्हां मात्र त्याचें स्वरूप अगदीं निराळें होतें. विळी गंजली तर भाजी चिरावयास थोडा वेळ अधिक लागेल. परंतु दोन वर्षें पेटींत पडून राहिलेलें काडतूस ऐन प्रसंगीं उडालें नाहीं, तर बंदूक हातीं धरणारा माणूस पुढच्या क्षणीं जिवंत असेलच, असें सांगतां येत नाहीं. शस्त्रें वापरण्याचा काळ थोडा आणि तीं ठेवून देण्याचा काळ फार मोठा. पहिल्या काळावर ग्रंथांचे ग्रंथ लिहिले गेले आहेत. दुसर्‍याविषयीं मात्र इतिहासकार बहुधा मौन धरतात.

महाराष्ट्रांत या दुसर्‍या काळाचा विचार ज्यांनीं लेखनिविष्ट करून ठेवला, त्यांत रामचंद्रपंत अमात्यांचें नांव प्रथम आठवतें. शिवछत्रपतींचा कारभार ज्यानें जवळून पाहिला होता, अशा या मुत्सद्द्यानें सुमारें १७१५ सालीं ‘आज्ञापत्र’ सिद्ध केलें. राजनीतीवरील या ग्रंथांत दुर्गांचें प्रकरण विशेष प्रसिद्ध आहे. पण तट, बुरूज, दरवाजे यांच्या वर्णनांत रमलेल्या वाचकाची नजर दारूखान्याविषयींच्या चार ओळींवरून सहज घसरून जाते. त्या ओळींचा आशय असा कीं, दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा. त्यास तळघर असावें. तळघराच्या भुईस चुन्याचा गच करावा. गचावर माच घालून त्यावर दारू ठेवावी. सर्द, म्हणजे ओल, आंत शिरूं देऊं नये. शिवाय दर आठ पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन दारू, बाण इत्यादि सामान बाहेर काढवावें, त्यास ऊन द्यावें आणि पुन्हां मुद्रा करून तें ठेवावें.

या योजनेंत वाटतो त्याहून पुष्कळ अधिक विचार आहे. गचामुळें जमिनींतून वर चढणारें पाणी थांबतें. माचामुळें भांड्यांच्या बुडाखालून हवा खेळती राहते. आणि उन्हानें जी कांहीं ओल तरीही शिरली असेल ती निघून जाते. मुद्रेचें कारण रसायनशास्त्रांत नसून मनुष्यस्वभावांत आहे. कोठार उघडलें कोणीं आणि केव्हां, याची खूण त्या मुद्रेवरून राहते. ‘हवालदारानें स्वतः’ हा आग्रहही तसाच. सामान उन्हांत घातलें, असा निरोप वरच्यावर पाठवून हें काम भागत नाहीं, हें अमात्यांस अनुभवानें ठाऊक असलें पाहिजे.

बंदुकीची जुनी दारू सोरा, गंधक आणि कोळसा या तिहींची बनलेली असे. यांपैकीं शुद्ध सोरा हवेंतील पाणी फारसें ओढून घेत नाहीं. परंतु मातींतून काढलेल्या कच्च्या सोर्‍यांत मीठ आणि चुन्याचे क्षार मिसळलेले असतात, आणि हे क्षार मात्र पावसाळी हवेंत अक्षरशः पाझरूं लागतात. म्हणून सोरा पुनःपुन्हां उकळून, स्फटिक करून शुद्ध करण्यावर दारू करणार्‍या कारागिरांचा सारा भर असे. तथापि सोरा कितीही शुद्ध केला, तरी कोळसा उरतोच आणि तो ओल धरतोच. मग ऊन देणें आलें. आणि येथेंच या पद्धतीची मर्यादा दिसते. सह्याद्रीच्या माथ्यावर आषाढांत पंधरा पंधरा दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. ज्या दिवसांत उन्हाची गरज सर्वांत अधिक, त्याच दिवसांत तें दुर्मिळ. अशा वेळीं कोठार घट्ट मिटून घेण्यापलीकडे हवालदाराच्या हातीं कांहीं नव्हतें.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत धातूचें काडतूस आलें, तेव्हां ही अडचण कायमची मिटली, असें पुष्कळांस वाटलें. दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारी टोपी हीं तिन्ही एकाच पितळी कवचांत बंद झालीं. दारूस बाहेरची हवा लागण्याचा मार्गच उरला नाहीं. शिवाय पितळ म्हणजे लोखंड नव्हे. तें गंजत नाहीं, हा घरोघरच्या तांब्यापातेल्यांचा अनुभव. हिंदुस्थानांत पुण्याजवळच्या खडकी येथें १८६९ सालीं दारुगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला, तो याच नव्या युगाच्या आरंभीं. काडतुसें लाकडी पेट्यांत भरीत आणि पेटीच्या आंत कथलाच्या पातळ पत्र्याचें अस्तर लावीत. हा बंदोबस्त करून अधिकारी निश्चिंत झाले.

परंतु हिंदुस्थानांतील ब्रिटिश सैन्याच्या भांडारांतून एक चमत्कारिक तक्रार येऊं लागली. पावसाळ्यांत सैन्याच्या हालचाली मंदावत. त्या अवधींत दारुगोळा पावसापासून सुरक्षित राहावा, म्हणून तो पुष्कळदां घोड्यांच्या पागांत ठेवीत. पागेस पक्कें छप्पर असे, जागा ऐसपैस असे, आणि पहाराही आयताच असे. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्या, तों पितळी कवचांस तडे गेलेले! गंज नाहीं, ठोका बसल्याची खूण नाहीं, आणि तरीही काडतुसाच्या मानेशीं, जेथें कवच गोळीभोंवतीं आवळलेलें असतें तेथें, बारीक बारीक चिरा. पावसाच्या मोसमांत पडणार्‍या या तड्यांस इंग्रजींत ‘सीझन क्रॅकिंग’ हें नांव पडलें. मराठींत त्यांस मोसमी तडे म्हणावयास हरकत नाहीं.

तडा गेलेलें काडतूस निरुपयोगी तर खरेंच, पण तें धोक्याचेंही असतें. गोळीवरची पकड सैल होते, दारूस ओल लागते, आणि बार उडालाच, तर बंदुकीच्या नळींतून पुढें जावयाचा वायु त्या फटींतून मागच्या बाजूसही वाट काढूं शकतो. सर्वांत वाईट गोष्ट ही कीं, चीर केंसासारखी बारीक असल्यामुळें ती घाईंत दिसत नाहीं. शिपाई पेटींतून मूठभर काडतुसें उचलतो, तेव्हां एकेक उजेडाकडे धरून पाहण्याची त्यास सवड नसते.

कित्येक वर्षें या दोषाचें मूळ कोणास उमगलें नाहीं. कोणी उन्हाळ्याच्या उष्म्यास दोष दिला, तर कोणी पितळाच्या मिश्रणास. पहिलें महायुद्ध संपल्यानंतर १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघां इंग्रज संशोधकांनीं त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. काडतुसाचें पितळ म्हणजे शेंकडा सत्तर भाग तांबें आणि तीस भाग जस्त. या पितळाची चकती साच्यांतून दाबून, ओढून, पुन्हां ओढून लांबट नळकांडें करितात. धातु थंड असतांना असा ओढला, कीं त्याच्या अंगांत ताण भरून राहतो. बाहेरून स्वस्थ दिसणारें नळकांडें आंतून ताणलेल्या तारेसारखें असतें. आतां या ताणलेल्या पितळावर ओलसर हवेचा अदृश्य थर बसला, आणि त्या हवेंत अमोनिया असला, तर तो अमोनिया पितळाच्या कणाकणांच्या सांध्यांत शिरून तांबें विरघळवूं लागतो. सांधा किंचित् कमकुवत झाला, कीं आंतला ताण उरलेलें काम करतो. आणि अमोनिया कोठून आला? घोड्यांच्या मुतापासून! पागेंत पाऊल टाकतांच ज्या उग्र दर्पानें नाकाला हात जातो, तोच तो वायु. ज्या छपराखालीं काडतुसें पावसापासून वांचविलीं, त्याच छपराखालीं तीं फुटत होतीं.

ओल, अमोनिया आणि ताण, या तिहींपैकीं एक काढून घेतलें, तरी तडा पडत नाहीं. हवेंतील ओल काढणें त्या काळीं कठीण होतें, आणि सैन्यांतून घोडे काढणें तर त्याहूनही कठीण. राहिला ताण. तो काढण्याचा उपाय सोपा निघाला. तयार कवच सुमारें अडीचशें ते तीनशें अंश सेंटिग्रेडपर्यंत हलकेंच तापविलें, कीं पितळ मऊ न पडतां त्यांतला ताण ओसरतो. पुष्कळ लष्करी काडतुसांच्या मानेपाशीं एक निळसर तपकिरी झांक दिसते. पाहणार्‍यास तो डाग वाटतो. वस्तुतः ती मानेस आंच दिल्याची निशाणी होय. या संशोधनामुळें आणखी एक मोठी गोष्ट कळली. ठेवलेल्या वस्तूंची हानि केवळ पाण्यामुळें होत नाहीं. पाणी आपल्याबरोबर हवेंतील दुसर्‍या कोणास तरी घेऊन येतें, आणि तो सोबती कोण, हें ओळखल्यावांचून उपाय सांपडत नाहीं.

लोखंडाच्या बाबतींत हा सोबती शोधून काढण्याचें श्रेय डब्ल्यू. एच्. जे. व्हर्नन या इंग्रज शास्त्रज्ञाकडे जातें. तोंपर्यंत लोखंडास गंज हवा आणि पाणी यांच्यामुळें चढतो, एवढें सर्वांस ठाऊक होतें. म्हणून उपायही ठोकळ होता: तेल लावा, चरबी फांसा, आणि अधूनमधून पुसा. व्हर्ननने १९२० नंतरच्या पंधरा वर्षांत पोलादाचे आणि लोखंडाचे लख्ख घांसलेले तुकडे निरनिराळ्या हवेंत टांगून त्यांचें वजन किती वाढतें, याची धीमेपणानें नोंद केली. त्याच्या एका प्रयोगाची साधेपणामुळें मोठी मौज वाटते. एक तुकडा त्यानें खोलींत उघडा ठेवला आणि दुसर्‍याभोंवतीं नुसत्या मलमलीच्या कापडाचा पिंजरा केला. मलमलींतून हवा जाते, वाफही जाते. अडते ती फक्त धूळ. उघडा तुकडा गंजला. मलमलींतला जवळजवळ तसाच लख्ख राहिला. धुळीचे कण लोखंडावर बसून ओल आणि धूर धरून ठेवतात, हें त्यावरून सिद्ध झालें.

व्हर्ननचा दुसरा शोध याहून महत्त्वाचा. हवेंत अमुक उष्णतेस जास्तींत जास्त जेवढी वाफ मावते, तिच्या मानानें प्रत्यक्ष वाफ किती आहे, हें शेंकड्यांत सांगण्याची रीत आहे. तिला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. व्हर्ननने बंद भांड्यांतील ही आर्द्रता पायरीपायरीनें वाढवीत नेली, आणि हवेंत कोळशाच्या धुरांत असणारा सल्फर डायॉक्साइड हा वायु दहा हजार भागांत एक भाग एवढाच मिसळला. आर्द्रता साठ टक्क्यांच्या खालीं होती, तोंवर लोखंडावर फारसा परिणाम दिसेना. साठ ओलांडतांच गंज एकदम धांवूं लागला. गंज आर्द्रतेबरोबर हळूहळू वाढत जातो, अशी जी समजूत होती ती चुकीची ठरली. त्यास एक उंबरठा आहे. उंबरठ्याच्या अलीकडे लोखंड वर्षानुवर्षें सुखरूप असतें. पलीकडे गेलें, कीं दिवस मोजावे लागतात. समुद्राजवळच्या हवेंत मिठाचे कण असल्यामुळें हा उंबरठा आणखी खालीं येतो, एवढें मात्र ध्यानांत ठेवलें पाहिजे.

मुंबईंत आणि कोंकणांत ऐन पावसाळ्यांत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे तेथें लोखंड आठवडेच्या आठवडे, रात्रंदिवस, उंबरठ्याच्या पलीकडेच उभें असतें. पण याच हिशेबानें एक आशाही दिसूं लागली. सत्तावीस अंश उष्णतेची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा जर तेहेतीस अंशांपर्यंत तापविली, तर तींतील पाण्याचा एक थेंबही न काढतां तिची आर्द्रता साठांवर उतरते. चुलीच्या उबेला ठेवलेलें मीठ कोरडें कां राहतें, याचें उत्तर यांतच आहे. उलट, दगडी कोठार आंतून थंड असतांना ‘हवा खेळावी’ म्हणून पावसाळी दिवसांत दारें सताड उघडणें म्हणजे बाहेरची वाफ आंत बोलावून तोफेच्या थंड अंगावर दंवासारखी बसविणें होय. अशा सद्धेतूनें आजवर किती सामान गंजलें असेल, त्याची गणती नाहीं.

दुसर्‍या महायुद्धानें या ज्ञानाची कठोर परीक्षा घेतली. ऑगस्ट १९४२ मध्यें अमेरिकन फौजा पॅसिफिक महासागरांतील ग्वाडलकनाल बेटावर उतरल्या. तेथें आणि पुढें न्यू गिनींत त्यांस शत्रूइतकाच हवेनेंही त्रास दिला. पुठ्ठ्याच्या पेट्या किनार्‍यावरच्या पावसांत लगदा होऊन फुटल्या, आंतील सुटे भाग वाळूंत विखुरले, वरच्या चिठ्ठ्या धुवून गेल्यामुळें कोणता भाग कोणत्या यंत्राचा, हें कळेना. दुर्बिणींच्या भिंगांवर आंतल्या बाजूनें बुरशीचीं जाळीं पसरलीं. बिनतारी यंत्रांच्या तारांवरील आवरणें कुजलीं. कारखान्यांत निर्दोष तयार झालेली आणि हजारों मैल वाहून आणलेली वस्तु शेवटच्या शंभर यार्डांत निकामी होत होती. यंत्राइतकेंच त्याचें वेष्टनही युद्धसामग्रीच आहे, हें सेनाधिकार्‍यांस तेव्हां पटलें.

जुना उपाय जाड चरबट लेपाचा. ‘कॉस्मोलिन’ या नांवानें प्रसिद्ध असलेला खनिज तेलाचा लेप बंदुकांवर असा थापीत कीं, पेटींतून निघालेली बंदूक कोणी तपकिरी गुळांत बुडवून काढली आहे, असें वाटे. तो लेप गंज थांबवी यांत शंका नाहीं. पण तो काढावयास उकळतें पाणी, चिंध्या आणि शिव्या या तिहींचीही गरज लागे, आणि विमानाच्या इंजिनासारख्या नाजूक यंत्रास तो एकटा पुरेसाही नव्हता. तेव्हां इंजिनाच्या आंत गंजविरोधी तेल फिरवून, रबरापासून केलेल्या पारदर्शक पिशवींत तें संबंध इंजिन हवाबंद करण्याची रीत निघाली. पिशवींत ओल शोषणार्‍या पदार्थाच्या पुरचुंड्या ठेवीत. हा पदार्थ म्हणजे सिलिका जेल.

सिलिका जेल व्यापारी प्रमाणावर करण्याची कृति अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्राध्यापक वॉल्टर पॅट्रिक यांनीं शोधली आणि १९१९ मध्यें तिचें पेटंट घेतलें. विषारी वायूपासून बचाव करणार्‍या मुखवट्यांच्या निमित्तानें हा पदार्थ पुढें आला. दिसावयास कांचेच्या कणांसारखा असणारा हा पदार्थ आंतून असंख्य सूक्ष्म छिद्रांनीं भरलेला असतो. एका ग्रॅममधील छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर त्यांचें क्षेत्र कित्येकशें चौरस मीटर भरेल. ह्या भिंतींवर हवेंतील वाफ चिकटून बसते. कण भिजत नाहीं, विरघळत नाहीं, आणि तृप्त झाल्यावर तापविला, कीं पुन्हां पहिल्यासारखा तहानलेला होतो. त्यांत कोबाल्ट क्लोराइडचा अंश मिसळला, तर कोरडा असतांना तो निळा दिसतो आणि ओल प्याल्यावर गुलाबी होतो. पारदर्शक पिशवींतून हा रंग बाहेरूनच दिसे. पेटी न उघडतां आंतली स्थिति कळण्याची ही सोय अमात्यांच्या हवालदारास मिळाली असती, तर त्याच्या कितीतरी फेर्‍या वांचल्या असत्या!

युद्ध संपलें, आणि अमेरिकन आरमारापुढें मोठा प्रश्न उभा राहिला. शेंकडों जहाजें एकदम अनावश्यक झालीं. तीं मोडावीं, तर पुढचें युद्ध केव्हां येईल याचा भरंवसा नाहीं. चालूं ठेवावीं, तर खलाशी आणि पैसा कोठून आणावा? पहिल्या महायुद्धानंतर असाच प्रसंग आला होता. तेव्हां पुष्कळ विनाशिका रंग आणि चरबी लावून बंदरांत ओळीनें बांधून ठेवल्या होत्या. सप्टेंबर १९४० च्या करारानें त्यांतील पन्नास जुन्या विनाशिका ब्रिटनला मिळाल्या, आणि त्यांतील पुष्कळ जहाजें दुरुस्तीसाठीं गोदींत न्यावीं लागलीं. जर्मन पाणबुड्या रोज व्यापारी जहाजें बुडवीत असतां आलेली मदत महिनेच्या महिने गोदींत पडून राहिली, हें ब्रिटिशांस केवढें सललें असेल!

तो धडा लक्षांत ठेवून या वेळीं निराळा मार्ग धरला गेला. प्रत्येक जहाजाचीं दारें, झरोके, धुराडीं हवाबंद केलीं. आंत ओल शोषणारीं यंत्रें बसवून जहाजांतील आग विझविण्याच्या नळांतूनच कोरडी हवा खोलीखोलींतून फिरविली, आणि आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे व्हर्ननच्या उंबरठ्याच्या पुष्कळ खालीं, राखली. डेकवरील लहान तोफांवर प्लॅस्टिकचा द्रव फवारून त्यांस रेशमाच्या किड्यासारखे कोश केले, कित्येकांवर धातूचे घुमट बसविले. साड्यांच्या ट्रंकेंत डांबराच्या गोळ्या टाकाव्या, तशीं हीं जहाजें ठेवून दिलीं, म्हणून लोक त्या आरमारास ‘मॉथबॉल फ्लीट’ म्हणूं लागले. विमानांसाठीं तर निसर्गाचीच मदत घेतली. अ‍ॅरिझोना प्रांतांत टूसान शहराजवळच्या वाळवंटांत हवा मुळांतच कोरडी आणि जमीन दगडासारखी टणक. तेथील डेव्हिस-मॉन्थन तळावर १९४६ पासून मोठमोठीं विमानें उघड्यावरच रांगेनें उभीं राहिलीं.

परीक्षेचा दिवस अपेक्षेहून लवकर आला. जून १९५० मध्यें कोरियांत युद्ध पेटलें. ‘न्यू जर्सी’ ही पंचेचाळीस हजार टनांची युद्धनौका ३० जून १९४८ रोजीं बेयॉन बंदरांत निवृत्त केलेली होती. तिचे कोश फाडले, घुमट उतरविले, बॉयलर पेटविले, आणि २१ नोव्हेंबर १९५० रोजीं ती पुन्हां आरमारांत दाखल झाली. मे १९५१ मध्यें तिच्या सोळा इंची तोफा कोरियाच्या किनार्‍यावर धडधडत होत्या. पुढें १९५७ मध्यें ती पुन्हां मिटली गेली. व्हिएतनामच्या युद्धासाठीं १९६८ मध्यें पुन्हां उघडली, दुसर्‍याच वर्षीं मिटली, आणि १९८२ मध्यें आणखी एकदां उघडली. १९९१ मध्यें ती शेवटची निवृत्त झाली. २००१ पासून ती डेलावेअर नदीच्या कांठीं कॅम्डेन येथें संग्रहालय म्हणून उभी आहे, आणि २०२४ मध्यें तिला फिलाडेल्फियाच्या कोरड्या गोदींत नेऊन तिच्या बुडाची तपासणी व रंगकाम करण्यांत आलें.